धाकट्याची कुरकुर

तुम्ही सगळे एकदम बसलात, साहेब. तिथेच घात झाला.

डोळ्यांच्या दवाखान्यातली ती लिफ्ट तपासायला तुमची चौकशी समिती गेली, तेव्हा "तुम्ही आधी, छे छे, तुम्ही आधी" करत तुम्ही सगळेच्या सगळे आत शिरलात. पोटं आत ओढलीत, फायली छातीशी धरल्यात. लिफ्ट वर गेली आणि प्रत्येक मजल्यावर फरशीला फरशी लावून थांबली. मग तुम्ही वर चहा घेतलात, जिन्याने खाली आलात आणि लिहिलंत, की यंत्र निर्दोष आहे, दोष देखभालीचा आहे. देखभाल करतो कोण? मेकॅनिक. यंत्राला घरी बसवता येत नाही, माणसाला येतं. म्हणून दोष माणसाचा. किती सोपं करून टाकलंत!

ज्या बाई पडल्या त्या लिफ्टने एकट्याच वर आल्या होत्या, साहेब. एका डोळ्यावर ताजी पट्टी, हातात औषधांची पिशवी. लिफ्ट फरशीच्या दोन बोटं वर थांबली होती. दोन डोळ्यांच्या माणसाला दोन बोटं म्हणजे काहीच नाही. एका डोळ्याने बघणाऱ्याला पायरी कळतच नाही. बाई दारातून थेट फरशीवर आल्या आणि मनगट मोडलं.

मेकॅनिकला लिफ्टवरून काढून भांडारात बसवलं. तिथे तो दिवसभर नटबोल्ट निवडत बसायचा, तांदूळ निवडावे तसे. शेवटचा निकाल अजून लागायचा होता. तो विरुद्ध गेला की परवाना जाणार आणि परवाना गेला की जन्मभर कुठल्याच लिफ्टला हात लावता येणार नव्हता. ही झाली बाहेरची गोष्ट. घरातली गोष्ट त्याहून वाईट होती. तो स्वतःच्याच हातांवर संशय घ्यायला लागला होता. जेवायला बसला की पाण्याचा पेला टेबलावर ठेवून, मान वाकडी करून बघायचा, की पाणी एका पातळीत आहे ना.

"अहो, पाणी आहे ते," त्याची बायको म्हणायची. "ते आपलं आपण सरळ राहतं. तुम्ही जेवा."

"ब्रेक मीच आवळला होता," तो म्हणायचा. "पुन्हा पुन्हा बघितला. पण पुन्हा बघितला म्हणजे मलाच खात्री नव्हती, असंच ना?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची धाकटी बहीण हे ऐकत बसायची. घरात तिला छोटी म्हणत. तीही त्याच्याच लिफ्टच्या कंपनीत, पण वरच्या मजल्यावर. खाली लोखंड, तारा, वंगण. वर पडदे आणि कळफलक. लिफ्टने कधी निघायचं, कधी वेग कमी करायचा, कुठे थांबायचं, हे सांगणारा प्रोग्राम वरच्या मजल्यावर लिहिला जायचा. छोटीचं काम लिहिण्याचं नव्हतं, लिहिलेलं तपासण्याचं होतं. ती प्रत्येक ओळीला "पण असं झालं तर?" विचारायची, म्हणून ऑफिसात तिला शंकासूर म्हणत. तोंडावर म्हणत आणि तिला ते आवडायचं.

नेमकं याच दिवसांत तिच्या टेबलावर एक कंपायलर येऊन पडला.

कंपायलर म्हणजे काय, हे तिने वहिनीला भांडी विसळता विसळता सांगितलं. "माणूस प्रोग्राम लिहितो तो माणसाला वाचता येईल अशा भाषेत. यंत्राला ती भाषा कळत नाही. कंपायलर मधे बसतो आणि ते सगळं यंत्राला कळेल असं करून देतो."

"म्हणजे सासूबाईंचं बोलणं मी तुझ्या दादाला समजावून सांगते, तसं."

"अगदी तसं."

"आणि समजावताना मला दिसतं ना, की सासूबाई सकाळी एक म्हणाल्या आणि आता भलतंच म्हणतायत. मग मी म्हणते, अहो, हे जुळत नाही. तर तुझा दादा म्हणतो, कुरकुर करू नकोस, काय म्हणाली तेवढंच सांग."

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "मला ऐकू येतं हं सगळं!"

छोटी हसली. हातातलं ताट मात्र तसंच राहिलं. कुरकुर हाच शब्द ऑफिसातही होता. प्रोग्राममध्ये काही खटकलं की कंपायलर इशारा देतो. त्या इशाऱ्यांना वरच्या मजल्यावर सगळे कुरकुरच म्हणत.

कंपनीत जुना, महागडा, नावाजलेला कंपायलर होता. त्याला सगळे थोरला म्हणत. त्याची मुदत संपत आली होती, आणि नवी खरेदी करण्याआधी दुसरा एखादा पर्याय तपासून पाहिला पाहिजे असा नियम होता. नियम पाळायचा म्हणून विभागाच्या मोठ्या सरांनी छोटीला बोलावलं.

"एखादा स्वस्तातला घे, बघ आणि नापसंतीची कारणं लिहून आण."

"आधी बघू, का आधी कारणं लिहू?"

"शंकासूर कुठली!" सर खुशीत होते. "अगं, किंमत बघ त्याची. आपल्या खात्याच्या चहाबिस्किटात येईल. एवढ्यात काय दर्जा मिळणार?"

असा तो आला. आला म्हणजे काय, नेटवरून उतरवून घ्यायला सुरुवात केली आणि खुर्ची पुढे ओढेपर्यंत आलासुद्धा. थोरला यायचा तेव्हा दुपार खायचा. हा इतका छोटा, की छोटीला वाटलं अर्धाच आला. तिच्या शेजारी बसणाऱ्या पोराने, ज्याला सगळे चष्मा म्हणत, लगेच बारसं केलं. "हा धाकटा!"

छोटीने नापसंत करायच्या तयारीनेच काम सुरू केलं. ती खोटं बोलणारी नव्हती, पण स्वस्त वस्तूकडे तीसुद्धा तुमच्याच नजरेने बघत होती. पहिली परीक्षा तिने जरा कुचकटपणेच घेतली. धाकटा ज्या भाषेचा कंपायलर होता, त्याच भाषेत तो स्वतःही लिहिलेला होता, आणि बनवणाऱ्याने ते सगळं लिखाण सोबत दिलं होतं. तिने धाकट्याला त्याचंच लिखाण दिलं. म्हटलं, घे, स्वतःला बनवून दाखव.

त्याने बनवलं. एक नवा धाकटा तयार झाला. तिने त्या नव्याला पुन्हा तेच लिखाण दिलं. त्याने आणखी एक बनवला. मग तिने शेवटचे दोन शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिले.

फरक नव्हता. कुठेच नव्हता.

छोटी मागे टेकून बसली. खिडकीबाहेर नेहमीचीच दुपार होती, कोणीतरी गाडी मागे घेत होतं, छपाईयंत्र खरडत होतं. आणि इथे, तिच्या हाताशी, एका वस्तूने स्वतःचं वर्णन वाचून स्वतःला जन्म दिला होता, जन्मलेल्याने पुन्हा जन्म दिला होता, आणि एवढ्या उलथापालथीत एक टिंबही इकडचं तिकडे झालं नव्हतं. तिच्या अंगावर काटा आला. देवळात येतो तसा नव्हे. लहानपणी दादाने तिला पहिल्यांदा लिफ्टच्या विहिरीत खाली वाकून बघू दिलं होतं, तेव्हा आला होता तसा. केवढं खोल, आणि तरी सगळं एका सरळ रेषेत.

"काय गं? भूत दिसलं का?" चष्म्याने विचारलं.

"माणूस दिसला," ती म्हणाली. "हे कोणीतरी बसून केलंय रे. एका माणसाने."

त्या माणसाचा फोन नंबर पुस्तिकेच्या शेवटी होता. मदतीसाठी तेवढाच. छोटीने ते उणिवांत लिहिलं: मदतीला एकच माणूस. आणखीही उणिवा होत्या आणि तिने एकही झाकली नाही. धाकट्याने बनवलेला प्रोग्राम थोरल्याच्यापेक्षा थोडा हळू चालायचा. पुस्तिका पातळ होती. आणि सगळ्यांत मोठी उणीव, जिच्यावर सर खूश होतील हे तिला लिहितानाच कळत होतं: कुरकुर बंद करता येत नाही.

थोरल्याला तसं बटण होतं. याला का नाही? तिने फोन लावला.

"ठेवलं नाही," पलीकडचा आवाज म्हणाला. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी होत होती.

"राहून गेलं का?"

"राहून जायला मी काय छत्री विसरतोय बाई? मुद्दाम नाही ठेवलं."

"पण लोकांना त्रास होतो. शेकड्यांनी इशारे येतात एकदम."

"एकदम येतात म्हणून त्रास होतो. गर्दीत कोण कुणाचं ऐकतं? माझ्याकडे एका वेळी एकच इशारा बोलतो. त्याचं ऐका, मग पुढचा. वापरलाय का तुम्ही, का नुसता फोनच लावलाय?"

"मग फुकट का नाही देत? किंमत तर नावालाच आहे."

"फुकट दिला की लोक उघडून बघत नाहीत. महाग दिला की तपासून बघत नाहीत," तो म्हणाला. "ठेवू? भात लागेल."

असला विक्रेता तिने पाहिला नव्हता. तिने फोन ठेवला आणि धाकट्याला खरा प्रोग्राम दिला, दवाखान्यातली लिफ्ट चालवणारा.

तो एका वेळी एकच बोलायला लागला. हे नाव तुम्ही ठेवलंत पण वापरलं नाहीत. इथे एकच गोष्ट दोनदा विचारलीत. छोटी एकेक निस्तरत गेली. सुरुवातीला वैतागली, नंतर तिला त्यात एक चाल सापडली. जणू कोणीतरी कंदील घेऊन पुढे चाललंय, प्रत्येक दारापाशी थांबून ते ढकलून बघतंय, आणि घाई करत नाहीय. दिवस गेले. सर विचारायचे, "कारणं झाली का?" ती म्हणायची, "होतायत."

आणि मग तो एका ओळीपाशी थांबला आणि म्हणाला:

ही संख्या शून्याच्या खाली जाऊच शकत नाही. गेली तर काय करायचं, हे तुम्ही लिहून ठेवलंय. ती वेळ कधीच येणार नाही. पुन्हा बघा.

छोटीने पुन्हा बघितलं.

ती संख्या म्हणजे वर जाणाऱ्या लिफ्टचं फरशीपासून उरलेलं अंतर. लिफ्ट फरशीजवळ येते तसं ते कमी होतं, बरोबर आली की शून्य. जरा पुढे गेली तर ते उणे व्हायला हवं, आणि उणे झालं की लिफ्टने अलगद खाली यायचं, असं पुढे स्पष्ट लिहिलं होतं. लिहिणाऱ्याने विचार केला होता! पण ती संख्या त्याने ज्या पेटीत ठेवली होती, त्या पेटीत उण्याच्या चिन्हाला जागाच नव्हती. गाडीचा जुना मीटर शून्यावरून मागे फिरवला की सगळे नऊ दिसतात, तसं व्हायचं. लिफ्ट दोन बोटं पुढे गेली की प्रोग्रामला वाटायचं, फरशी कोसभर लांब आहे. मग पुढचीच ओळ म्हणायची, एवढं अंतर असूच शकत नाही, मोजण्यात गडबड दिसते, आहे तिथेच थांबा.

आणि लिफ्ट आहे तिथेच थांबायची. दोन बोटं वर.

उतरतानाचा हिशेब वेगळ्या ओळींत होता, तो ठीक होता. पण चढताना पुढे कधी जाणार? छोटीला भावाच्या घरात राहून एवढं माहीत होतं, की लिफ्टच्या दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन असतं. आत गर्दी असली तर लिफ्ट वर जाताना जड पडते, फरशीच्या आधीच रेंगाळते आणि मग हळूच पोचते. आत एकटंच माणूस असलं, की ते लोखंड तिला वर खेचतं आणि ती पुढे जाते. एकटं माणूस असलं की. चढताना. साहेब, तुम्ही एकटे नव्हता हो.

एवढ्या महागड्या थोरल्याला हे दिसलं नव्हतं? छोटी शंकासूरच होती. तिने थोरल्याच्या आत जाऊन कुरकुरीचं बटण शोधलं. ते बंद होतं. चालू केलं. पडद्यावर इशाऱ्यांचा लोंढा आला, थांबेचना, आणि त्या लोंढ्यात खूप खाली, बारीक आवाजात, हीच ओळ होती. थोरल्याला सगळं दिसत होतं. वर्षानुवर्षं तो ते सांगत होता. कोणीतरी त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

मधल्या सुट्टीत ती भांडारात गेली. "दादा, ऊठ. मनोऱ्यात चल."

कारखान्याच्या आवारात चाचणीचा मनोरा होता. आत नुसती एक लिफ्ट, वर आणि खाली. दादा नाही म्हणाला, मला परवानगी नाही म्हणाला, पण छोटीचा चेहरा बघून उठला. मनोऱ्यात जुनाच प्रोग्राम होता. आधी त्यांनी नेहमीसारखी लोखंडी वजनं भरून लिफ्ट वर पाठवली. बरोबर थांबली.

"चाचणी अशीच घेतात," दादा म्हणाला. "भरून. भीती भरलेल्या लिफ्टची असते. रिकामीची कोणाला?"

"आता वजनं काढ."

रिकामी लिफ्ट वर गेली. दोघं जिन्याने धावत वर गेली. दादाने उंबऱ्यापाशी हात ठेवला. दोन बोटं आडवी मावली. अगदी बेतून केल्यासारखी. तो बोटं तिथून काढेना.

मग छोटीने दुरुस्त केलेला, धाकट्याने बनवलेला प्रोग्राम भरला. पुन्हा रिकामी लिफ्ट खालून निघाली. या वेळी दोघं वरच उभी होती, दार उघडं ठेवून, विहिरीत बघत. दोर सरसरत होते. अंधारातून लिफ्टचं छत वर आलं, फरशीपाशी आलं, आणि लिफ्ट दोन बोटं पुढे गेली.

लिफ्ट थांबली. क्षणभर तशीच राहिली, बोलता बोलता भलतंच बोलून गेल्यावर माणूस जीभ चावतं ना, तशी. आणि मग अलगद, कुणाला कळू नये अशी, खाली आली. फरशीला फरशी लागली. फट उरली नाही.

दादा वाकला. त्याने तळवा लिफ्टच्या फरशीवरून बाहेरच्या फरशीवर सरकवला, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. बाळाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"परत पाठव," तो म्हणाला.

तिने पाठवली. लिफ्ट पुढे गेली, जीभ चावली, खाली आली.

"परत."

लिफ्टमध्ये सारं आयुष्य घालवलेला तो माणूस, पण चूक कळलेलं यंत्र त्याने आधी पाहिलं नव्हतं. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी तो "परत" म्हणत होता. त्या संध्याकाळी जेवताना त्याने पेल्याकडे बघितलंसुद्धा नाही. पाणी गटागट प्यायला आणि म्हणाला, "अजून दे."

वहिनी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मधे तुम्ही आहात.

छोटीने सगळं मोठ्या सरांपुढे ठेवलं. धाकट्याच्या उणिवा आधी, मग ती ओळ, मग मनोरा. शेवटी लिहिलं होतं: घ्यावा. तो हळू आहे, पण त्याला गप्प करता येत नाही.

सरांनी वाचलं. त्यांचा चेहरा आधी उतरला आणि मग गुळगुळीत झाला.

"दुरुस्ती कर सगळीकडे. चांगलं काम केलंस. फक्त कारण लिहू नकोस. किरकोळ सुधारणा, एवढंच लिही."

"आणि दादा?"

"तो चौकशी समितीचा विषय. आणि तू त्याची बहीण. बहिणीचा पुरावा कोण धरणार?"

"बरं. मग कुरकुर कोणी बंद केली होती?"

"मी आलो तेव्हा बंदच होती."

"आणि हा धाकटा?"

"तूच लिहिलंयस की. कुरकुर बंद करता येत नाही." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "आपल्याकडे कामं असतात, बाई. असलं तोंडाळ पात्र कोण सांभाळणार?"

छोटीने सगळीकडे दुरुस्ती केली. मनोऱ्यात मात्र तिने जुनाच प्रोग्राम परत भरला. आणि निकालाच्या दिवशी समितीपुढे उभं राहून एकच गोष्ट मागितली. "माझा पुरावा धरू नका. मी बहीण आहे. तुम्ही स्वतःच्या पायांचा पुरावा धरा. मनोऱ्यापर्यंत चला."

तुम्ही आलात. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून आलात. मोठे सरही होते. मनोऱ्याच्या दाराशी दादा उभा होता, भांडारातला तेलकट सदरा घालून. लिफ्टचं दार उघडलं, आणि तुम्ही पुन्हा सुरू केलंत. तुम्ही आधी, छे छे, तुम्ही आधी. पोटं आत ओढलीत. फायली छातीशी धरल्यात.

दादाने दारात हात आडवा धरला.

"एकेकटे," तो म्हणाला.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे एका वेळी एक, सर," छोटी म्हणाली. "गर्दीत ती बरोबर थांबते. एकटं माणूस असलं की चुकते. रुग्ण एकटाच असतो. तुम्ही आधी बसता?"

सरांनी घड्याळ बघितलं. कोणी भिंत बघितली. कोणी फाईल उघडली आणि त्यातच डोकं घातलं. लिफ्टमध्ये दिवा लागलेला होता, ती स्वच्छ होती, रिकामी होती, आणि कोणाचीच वाट बघत नसल्यासारखी शांत उभी होती.

दादाचा हात अजून आडवाच आहे, साहेब. दार उघडं आहे. एकट्याने बसता का? हो की नाही, तेवढं सांगा.